पत्रांचाच भाग तर खरा!

युद्धात ताटातूट झालेल्या जोडप्यांच्या कादंबऱ्यांत पत्रापत्रीच फार, ही तक्रार मला पटत नाही. लेखकाने टपालाचा अभ्यास केला असेल, तर मला तोच भाग सर्वांत आवडतो. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ब्रिटिश सैनिकांना एक छापील कार्ड मिळायचं. 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलंय' अशी वाक्यं आधीच छापलेली. नको ती खोडायची, खाली सही आणि तारीख. जास्तीचं काही लिहिलं तर कार्डच नष्ट! खोडलेल्या ओळींवरून नवऱ्याचा अंदाज बांधणारी बायको रंगवायला कसब लागतं. लढायांची लांबलचक वर्णनं (क्षमस्व, इतिहासप्रेमींनो) मी सरळ उलटते. पण चार वर्षांनी परतलेला नायक जसाच्या तसा दाखवला, की मात्र चिडचिड होते.