मुलाच्या गुडघ्याजवळ हाडाची गाठ, लगेच काढावी का?

सिडकोकर: मंडळी, मुलगा १३ वर्षांचा, गुडघ्याच्या जरा वर आतल्या बाजूला हाताला कडक गाठ लागते, दुखत नाही पण सायकल मारताना काहीतरी सटकतं म्हणतो. एक्सरेच्या रिपोर्टात ऑस्टिओकॉन्ड्रोमा लिहिलंय, डॉक्टर म्हणाले साधी आहे, सहा महिन्यांनी परत बघू. पण ट्युमर ऐकल्यापासून आजीने जेवण सोडलंय आणि मेव्हणे म्हणतात गावाकडे एक जण चोळून बसवतो. गाठीचा तुकडा काढून तपासतात ती बायोप्सी का नाही केली? मुंबईला टाटाला न्यावं का?

एक्सरेवाला_पंचवटी: चोळायला अजिबात नेऊ नका हो! रोज एक्सरेच्या फिल्म बघतो म्हणून सांगतो, ही गाठ म्हणजे हाडालाच फुटलेला कोंब, वर कूर्चेची टोपी, आणि आतली पोकळी मूळ हाडाशी सलग असते. ते एक्सरेवर स्वच्छ दिसलं की बायोप्सी लागत नाही. उंची वाढतेय तोवर तीही वाढते, नंतर थांबते. सटकतं ते बहुतेक गाठीवरून स्नायूची दोरी घसरते म्हणून. फार दुखलं, पायाला मुंग्या आल्या, नस किंवा रक्तवाहिनी दाबली गेली तर काढतात, नाहीतर नाही, कारण लहान वयात हाड जिथून लांब होतं ती वाढीची पट्टी जवळ असते, तिला धक्का लागू शकतो आणि गाठ परतही येऊ शकते. अंगावर अजून कुठे गाठी आहेत का आणि घरात कुणाला होत्या का ते मात्र डॉक्टरांना सांगा, अनेक गाठी असल्या तर प्रकरण आनुवंशिक असतं.

सातपूरची_ताई: माझी जायंट सेल ट्युमर होती, नडगीच्या वरच्या टोकाला, पार सांध्यापर्यंत. तीही कॅन्सर नव्हे पण हाड पोखरते, साधारण विशी ते चाळिशीत होते. एमआरआय, छातीचा फोटो, मग बायोप्सी. आधी एका ठिकाणी घाईत सुई घालायला निघाले होते, पण ज्या सर्जनकडे ऑपरेशन त्यांच्याच सल्ल्याने सुईची जागा ठरली पाहिजे, नाहीतर पुढचा चिरा चुकतो. आतलं खरवडून बर्रने, म्हणजे फिरत्या छोट्या यंत्राने घासलं आणि पोकळीत बोन सिमेंट भरलं. ही परत येऊ शकते म्हणून अजून फॉलोअप चालू आहे. तुमच्या मुलाचं प्रकरण वेगळं वाटतंय, आजींना जेवायला लावा आधी.

सिडकोकर: मेव्हण्यांना एक्सरेवाल्या दादांचा मेसेज वाचून दाखवला, गप्प बसले. रात्री दुखतं का म्हणून मुलाला विचारलं तर म्हणे नाही, फक्त क्रिकेटनंतर.

एक्सरेवाला_पंचवटी: मग ठीक. मोठेपणी वाढ थांबल्यावरही गाठ वाढली किंवा दुखायला लागली तर मात्र एमआरआय करून टोपीची जाडी बघायची, २ सेंटीमीटरच्या वर असली तर टाटासारख्या ठिकाणी दाखवायचंच. आत्ताचा एक्सरे जपून ठेवा, पुढच्या वेळी शेजारी लावून बघतात.