शंट लावूनही बॅटरीचे टक्के चुकत असतील तर निगेटिव्ह वायर बघा
व्हॅनच्या बॅटरीत किती चार्ज उरलाय ते बघायला व्होल्टमीटर असताना वेगळा बॅटरी मॉनिटर कशाला, असा प्रश्न आहे. लेड अ‍ॅसिडला व्होल्टमीटर थोडाफार चालतो, तेही व्हॅन काही तास लोडशिवाय उभी असेल तर, पण लिथियम आयर्न फॉस्फेटला नाहीच, कारण १२ व्होल्टची बॅटरी निम्मी असो की बरीच भरलेली, १३.२ च्या आसपासच रेंगाळते आणि चार्जिंग चालू असताना तर मीटर चार्जिंगचंच व्होल्टेज दाखवतो. शंट, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजून मॉनिटरला देणारा भाग, हवाच.

पण शंट नुसता लावून भागत नाही, तो कुठे जोडायचा तिथेच खरी गडबड होते. बॅटरीच्या निगेटिव्हला एकच जाड केबल हवी, शंटला जाणारी. सोलर कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा), डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा), इन्व्हर्टर, चासीची अर्थिंग, सगळ्यांचे निगेटिव्ह शंटच्या पलीकडच्या टोकाला. सोलरची निगेटिव्ह थेट बॅटरीला लावली की आत येणारा करंट मोजलाच जात नाही, खर्च तेवढा मोजला जातो, मग बॅटरी भरत असली तरी मॉनिटरवर टक्के उतरतच राहतात. बॅटरी अर्धी असताना कडक उन्हात सगळे लोड बंद करून बघा, कंट्रोलर करंट दाखवतोय आणि मॉनिटरवर शून्य, तर वायर चुकीच्या जागी आहे.