सासूबाईंचं 'नसांचं टॉनिक': यात नक्की असतं काय?

इंद्रायणीकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, माळकरी. एकादशी काटेकोर, चातुर्मासात कांदा-लसूण घरात शिरत नाही. पण रात्री जेवल्यावर दोन झाकणं टॉनिक पोटात गेल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. "नसांत जीवच राहिला नाही गं" हे ठरलेलं वाक्य. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही, ओळखीच्या दुकानातून वर्षानुवर्षं आणतात. परवा पुतण्यानं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि मोठ्यानं म्हणाला, "आजी, यात अल्कोहोल आहे!" पुढचं विचारू नका. सध्या आजी-नातवाचा अबोला चालू आहे.

दुसरीकडे मी जुन्या वर्तमानपत्रांच्या स्कॅनिंगचं काम करते. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या इंग्रजी अंकांत फॉस्फरीन, सॅनाटोजेन या टॉनिकांच्या जाहिराती सारख्या समोर येतात. थकलेले मज्जातंतू, निद्रानाश, अपचन, डोकं न चालणं, सगळ्यावर एकच बाटली. वाचताना सासूबाईंचाच आवाज कानात येतो. त्या बाटल्यांत होतं काय? लोकांना बरं का वाटायचं? आणि आमच्या कपाटातली बाटली त्याच खानदानातली का?

चहाबाज:
ताई, आधी ब्रँडचं नाव सांगा, आम्हालाही झोप लागत नाही. 😄

खलबत्ता:
इंद्रायणीताई, सांगलीत आमचं औषधांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. माझं आयुष्य काउंटरमागे गेलं, त्यामुळे या प्रश्नावर जरा लांबण लागेल.

'नसा थकल्या' हा आजार आपल्या आजीबाईंनी काढलेला नाही. न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरनं १८६९ मध्ये त्याला न्यूरास्थेनिया या नावानं मिरवत आणला. अंगातली मज्जाशक्ती खर्चून माणूस रिता होतो, असा सिद्धांत. कारणं वाचाल तर हसाल: वाफेचं इंजिन, तारयंत्र, वर्तमानपत्रं, विज्ञान आणि बायकांनी डोकं चालवणं! म्हणजे दुखणं मोठ्या लोकांचं, बुद्धिजीवींचं. असं मानाचं दुखणं मिळाल्यावर औषधवाले थोडेच मागे राहणार?

अमेरिकेत व्हरमाँटचं पेन्स सेलरी कंपाउंड थकलेल्या नसांसाठी खपायचं. नाव सेलरी या भाजीचं, आत साधारण पाचवा हिस्सा अल्कोहोल. ओहायोच्या पेरुनात तर २८ टक्के. ते विकायला दारूचा परवाना लागेल, असं तिथल्या महसूल खात्याला १९०५ मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकारानं कोलियर्स साप्ताहिकात या सगळ्या बाटल्यांची लक्तरं वेशीला टांगली आणि १९०६ मध्ये कायदा आला. कायदा कसला, तर अल्कोहोल, अफू, कोकेन किती आहे ते लेबलवर लिहा. विकू नका असं नव्हे, लिहा. तुमच्या पुतण्यानं जे वाचलं, ते वाचायला मिळावं म्हणून एवढी मारामारी झाली होती, हे त्याच्या आजीला सांगा.

आता तुमच्या जाहिरातींतल्या बाटल्या. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ मध्ये अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी छापली. सॅनाटोजेन म्हणजे साधारण ९५ टक्के केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, आणि बाकी थोडं सोडियम ग्लिसरोफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं एक संयुग. सोन्याच्या भावानं दुधाची भुकटी! फॉस्फरीन म्हणजे मुख्यतः फॉस्फोरिक आम्ल आणि क्विनीन, म्हणजे हिवतापाचं ते कडू औषध. त्या काळी मेंदू फॉस्फरसवर चालतो अशी ठाम समजूत होती, म्हणून जिकडे तिकडे फॉस्फेट. ती समजूत गेली, ग्लिसरोफॉस्फेट मात्र आजही आपल्याकडच्या काही टॉनिकांच्या लेबलवर मुक्कामाला आहे. इंग्लंडात अशा औषधांवर सरकारी कराचं तिकीट चिकटवलेलं असे. लोकांना वाटे, सरकारनंच पसंत केलंय.

बरं का वाटायचं? अल्कोहोलनं दोन घटका हलकं वाटतं. कडू चवीनं भूक चाळवते. लोह असेल आणि रक्त खरंच कमी असेल, तर फायदा खराखुरा. डॉ. विल्यम्सच्या गुलाबी गोळ्यांत लोहच होतं. आणखी काही टॉनिकांत असायचं स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष. आमच्या वडिलांच्या काळात डॉक्टर ईस्टन्स सिरप सर्रास लिहायचे: लोह, क्विनीन आणि स्ट्रिक्नीन. बेताच्या मात्रेत तरतरी, जास्त झालं की झटके. आम्हाला फार्मसीत एक धडा घोटून शिकवत. स्ट्रिक्नीनच्या मिश्रणात ब्रोमाइड (झोपेसाठी देत ते जुनं औषध) पडलं, की स्ट्रिक्नीनचे बारीक स्फटिक होऊन तळाशी बसतात. रोगी रोज वरचं पाणी पितो आणि शेवटच्या डोसात सगळं विष एकदम पोटात. त्यानं माणसं गेली आहेत. मास्तर बाटली उजेडाकडे धरून तळ दाखवायचे. ती सवय मला इतकी लागली, की घरी सरबताची बाटलीही मी तशीच बघतो.

आणि आपल्या मुंबई राज्याची गंमत राहिलीच. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यात अल्कोहोल असलेली औषधंही सापडली. बालसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं आणि १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं औषधं आणि प्रसाधनांपुरती ती बंदी उडवली. वडील सांगत, त्या दिवसांत अचानक पुष्कळ लोकांच्या नसा अशक्त झाल्या होत्या. खोकला नसलेली माणसंही बाटली मागत. वडील दारातल्या गिऱ्हाइकाची चाल बघून 'माल संपला' म्हणायचे.

१९५४ चा औषधं आणि जादूच्या उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे ना, त्यात ज्या दुखण्यांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत नर्व्हस डेबिलिटी, म्हणजे नसांचा अशक्तपणा, आजही आहे. म्हणून हल्लीचे जाहिरातवाले 'स्फूर्ती', 'ताकद', 'ताजेपणा' म्हणतात. शहाणे आहेत.

तुमची बाटली आयुर्वेदिक आसव-अरिष्ट असेल तर 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' अशी ओळ सापडेल. ते आंबवण्यातच तयार होतं, वरून घातलेलं नसतं. लेबलचा फोटो टाका, नाव झाकून.

इंद्रायणीकाठ:
काका, किती छान सांगितलंत! फोटो धड येत नाही, टाइपच करते. अरिष्ट नाही. बी कॉम्प्लेक्स, त्यात सायनोकोबालामिन, मग सोडियम ग्लिसरोफॉस्फेट (आहेच मुक्कामाला!), आणि अल्कोहोल ९ टक्के. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "औषधाला सोवळं-ओवळं नसतं." पण आज झाकण एकच घेतलं, तेही पाठमोरं उभं राहून.

खलबत्ता:
एक झाकण साधारण १० मिली धरा. दोन झाकणांत अल्कोहोल दोन मिलीच्याही आत. त्यानं झिंग येत नाही, झोपेला खरा हातभार सवयीचा. त्यांना अपराधी वाटू देऊ नका. बिनअल्कोहोलची टॉनिकं मिळतात, हवं तर बदलून आणा. पण 'जीव राहिला नाही' याचं उत्तर दुकानात नाही, एवढं मी गिऱ्हाइकाला काउंटरवरूनही सांगायचो. मुलगा चिडायचा.

डॉ_तळेगाव:
जनरल प्रॅक्टिस करतो. काकांच्या शेवटच्या वाक्याला धरून बोलतो. ताई, सासूबाईंना मधुमेह आहे का? गोळ्या कोणत्या? पायांना मुंग्या, तळव्यांची आग, चालताना तोल जाणं, असं काही?

इंद्रायणीकाठ:
मधुमेह आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. तळपायांना मुंग्या येतात म्हणतात, रात्री पाय चोळून घेतात. आम्ही वयाचं समजलो. आणि शुद्ध शाकाहारी, दूधही नको म्हणतात.

डॉ_तळेगाव:
मग 'नसा' हा शब्द त्या उगाच वापरत नसतील. शाकाहार, दूध नाही आणि मेटफॉर्मिन, तिन्ही गोष्टी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी करणाऱ्या. ते कमी पडलं की थकवा येतो, मुंग्या येतात, विसरायला होतं. मधुमेहानंही नसा दुखावतात, त्यामुळे दोन्ही बघावं लागेल. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), एवढं करून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

एक फसगत टाळा. टॉनिकात सायनोकोबालामिन आहे, म्हणजे तेच बी-१२. त्यामुळे रक्तातला आकडा असतो त्याहून बरा दिसू शकतो. तपासणीला जाताना बाटली बरोबर न्या, डॉक्टर त्या हिशोबानं रिपोर्ट वाचतील. फार कमी निघालं तर इंजेक्शनं लागू शकतात. ते त्यांचे डॉक्टर ठरवतील.

चहाबाज:
डॉक्टर, मेटफॉर्मिन बंद करायची का मग? माझे वडीलही घेतात.

डॉ_तळेगाव:
नाही, आपल्या मनानं अजिबात नाही. बी-१२ भरून काढता येतं, साखर वाढली तर भारी पडेल. वडिलांचंही बी-१२ एकदा बघून घ्या.

इंद्रायणीकाठ:
सोमवारी सकाळी घेऊन जाते. साखरेसाठी उपाशीपोटी यायला सांगितलंय. बरोबर पुतण्यालाही नेते आहे, बाटली त्याच्याच हातात देणार.