चौदाव्या लुईची सत्ता: निरंकुश की विकून खाल्लेली?

दप्तरबंद

फ्रान्सचा चौदावा लुई म्हटलं की ‘राजा बोले, दळ हाले’ हेच चित्र समोर येतं. ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य तो बोलल्याचा समकालीन पुरावा नाही, पण ते बाजूला ठेवू. माझा मुद्दा साधा आहे: ज्या राजाला स्वतःच्या न्यायाधीशाला आणि करवसुली अधिकाऱ्याला घरी पाठवता येत नाही, त्याला निरंकुश कसं म्हणायचं?

घरी पाठवता येत नव्हतं, कारण पद विकलेलं होतं. पदधारकाने पद दुसऱ्याच्या नावे केलं आणि 40 दिवसांच्या आत तो मेला, तर पद राजाकडे परत जाई. 1604 मध्ये लुईचे आजोबा चौथ्या आंरीने ‘पोलेत’ नावाची वार्षिक पट्टी सुरू केली. पदाच्या ठरवलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरायचा, की ही 40 दिवसांची अट सुटली. मग पद मुलाला द्या, जावयाला द्या, बाजारात विका. लुईचा अर्थकारभार पाहणाऱ्या कोल्बेरने 1665 च्या सुमारास मोजदाद करवली तेव्हा न्याय आणि वसुलीची मिळून सुमारे 46,000 पदं निघाली. बाजारभावाने किंमत 42 कोटी लिव्रच्या (तेव्हाचं फ्रेंच चलन) आसपास. ती परत घ्यायची तर एवढे पैसे मोजायला हवे होते.

उलट 1672 ला डच युद्ध सुरू झाल्यावर कोल्बेरलाच पुन्हा पदं विकावी लागली. 1692 मध्ये शहरांची महापौरपदंसुद्धा विक्रीला निघाली. प्रत्येक विक्रीत रोख एकदाच हाती येते, पण त्या पदाचा वार्षिक तनखा पुढे देत राहावा लागतो. शिवाय बऱ्याच पदांबरोबर ‘ताय’ या मुख्य करातून सूट मिळायची. बहुतेक प्रांतांत ताय ठरलेल्या एकूण रकमेवर चाले: राजाच्या मंडळाने आकडा ठरवला, तो विभागांत, मग तालुक्यांत, मग गावांत वाटला. गावातल्या एका सधन माणसाने सूट विकत घेतली तरी गावाचा आकडा आपोआप उतरत नसे, त्याचा वाटा शेजाऱ्यांवर पडे. वसुलीदार गावातलेच, तूट आली की तेच जबाबदार.

शंकासुर

मर्यादा कुठल्या राजाला नव्हत्या? ‘अडवू शकणारं कोण होतं आणि त्याचं पुढे काय झालं’ हे बघा.

एस्टेट्स जनरल ही तीन वर्गांची सभा 1614 नंतर थेट 1789 मध्ये भरली. राहिलं पॅरिसचं पार्लमां. हे न्यायालय आहे, लंडनच्या पार्लमेंटशी गल्लत नको. हुकूम तिथल्या नोंदवहीत चढल्याशिवाय त्या न्यायालयाच्या हद्दीत लागू होत नसे. न्यायाधीशांना आक्षेप असला तर ते हरकतपत्र पाठवत. राजा ‘नोंदवाच’ असं आज्ञापत्र धाडे. तरीही अडले तर तो स्वतः न्यायालयात येऊन बसे आणि समोर नोंद करून घेई. 1673 मध्ये लुईने हा क्रमच उलटवला: आधी नोंद, हरकत नंतर. नोंदीनंतर हरकत घेऊन काय उपयोग?

आणि तुम्ही इंटेंडंट विसरलात. प्रांतात पाठवलेले हे अधिकारी राजाच्या नेमणूकपत्रावर काम करत. इंटेंडंटकी विकत मिळत नसे, एका पत्राने माणूस परत बोलावता येई. 1648 मध्ये पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयांनी एकत्र बसून मागण्या मांडल्या, त्यांत इंटेंडंट हटवा ही अगदी वरची होती.

फुकेचं प्रकरणही बघा. 1661 मध्ये लुईने आपल्या तेव्हाच्या अर्थमंत्र्याला, फुकेला, नांतमध्ये अटक केली. न्यायाधीशांनी हद्दपारी दिली, राजाने ती बदलून जन्मठेप केली. राजाचा माफीचा अधिकार शिक्षा कमी करायला असतो, इथे ती वाढली!

दप्तरबंद

फुकेचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. न्यायमंडळ खास नेमलेलं, राजाला हवा होता मृत्युदंड, खटला चालला तीन वर्षं, आणि 22 पैकी 13 जणांनी हद्दपारीच्या बाजूने मत दिलं. निवडून घेतलेले न्यायाधीशही हाती लागले नाहीत.

इंटेंडंट साधारण 30, लोकसंख्या दोन कोटींच्या घरात. खालची कामं ते ज्यांच्याकडून करून घेत ते उपप्रतिनिधी बहुधा स्थानिक पदधारकच. दक्षिणेतल्या लांगदोकसारख्या प्रांतात तर स्वतःची सभा होती आणि कराची रक्कम ती मंजूर करी. लुईच्या काळात तिने घासाघीस जवळजवळ सोडली हे खरं. पण गोळा झालेल्या पैशाचा चांगला वाटा त्याच प्रांतातल्या बड्या घरांच्या खिशात जात होता. मग कशाला भांडतील?

खडेमीठ

तुम्ही दोघं न्यायालयातून बाहेर या, जरा मीठ बघा.

‘गाबेल’ म्हणजे मीठकर. पॅरिसभोवतीच्या ‘मोठ्या गाबेल’ प्रदेशात मीठ सरकारी कोठारातूनच घ्यावं लागे, आणि सक्तीने. 1680 च्या नियमाप्रमाणे आठ वर्षांवरच्या दर 14 माणसांमागे वर्षाला एक मिनो, म्हणजे सुमारे 49 किलो. तेही फक्त रोजच्या स्वयंपाकासाठी. डुकराचं मांस खारवायला ते वापरलं तर गुन्हा, त्यासाठी वेगळी खरेदी. शेजारच्या ब्रिटनी प्रांताला मात्र मीठकर माफ, सोळाव्या शतकात फ्रान्सला जोडताना कबूल केलेल्या सवलतींमुळे. साहजिकच त्या हद्दीवर मिठाची चोरटी वाहतूक जोरात. पकडला गेलेला दंड भरू शकला नाही तर गलबतावर वल्ही मारायला रवानगी होऊ शके.

वसुली करत होते मक्तेदार: राजाला ठरलेली रक्कम द्यायची, वर मिळेल ते आपलं. कागदावर सर्वसत्ताधीश असलेला राजा मिठाला देशभर एक भाव लावू शकत नाही, कारण मक्ता मोडला तर पुढची उचल कोण देणार?

शंकासुर

ब्रिटनीचं नाव काढलंत तर 1675 पण सांगा. मुद्रांकित कागद आणि तंबाखूवरच्या करांवरून तिथे बंड झालं. सैन्य घुसलं, आणि रेन शहरातलं ब्रिटनीचं पार्लमां उचलून व्हानला नेलं ते 1690 पर्यंत परत आलं नाही. सवलती टिकल्या, पण कुणाच्या मर्जीवर?

1695 चा डोईकर घ्या. सगळ्या प्रजेचे 22 वर्ग पाडले. पहिल्या वर्गात युवराज, 2,000 लिव्र; शेवटच्या वर्गाला एक लिव्र. सरदार थेट कराखाली आले. 1710 मध्ये उत्पन्नावर दशांश कर. आजोबा-पणजोबांना हे स्वप्नातही जमलं नसतं.

दप्तरबंद

धर्मगुरूंनी एकरकमी पैसे देऊन त्या डोईकरातून अंग काढून घेतलं, तेही लिहा. 1698 मध्ये कर उठला, 1701 मध्ये परत आला. आणि त्याच सुमारास लंडनला काय चाललंय? 1694 मध्ये बँक ऑफ इंग्लंड सरकारला 12 लाख पौंड 8 टक्क्यांनी देते, कारण व्याजासाठी पार्लमेंटने कर बांधून दिलाय. पाय बांधलेल्या राजाला कर्ज मिळतं. मोकळ्या राजावर सावकाराचा भरवसा नाही, म्हणून त्याला पदं विकावी लागतात.

उत्तरवारा

कायद्याने निरंकुश राजा हवा असेल तर फ्रान्स सोडा, डेन्मार्क घ्या. 1665 चा राजकायदा राजाला लेखी सर्वाधिकार देतो. गंमत म्हणजे तो छापून जाहीर व्हायला 1709 उजाडलं.

शंकासुर

डेन्मार्क मान्य. पण पद विकलं म्हणजे दोर सुटला असं नाही. पोलेत कायमची नव्हती, सहसा नऊ वर्षांसाठी दिली जाई. मुदत संपत आली की राजा म्हणे, नव्याने हवी असेल तर कर्ज द्या. न्यायाधीशाची सगळी कौटुंबिक मत्ता त्या पदात अडकलेली. म्हणून तर 1673 नंतर 42 वर्षं पार्लमां गप्प.

दप्तरबंद

तोच दोर 1648 मध्ये ओढला होता. पोलेतच्या नूतनीकरणाच्या बदल्यात चार वर्षांचे तनखे सोडा, असं वरिष्ठ न्यायालयांना सांगितलं. पॅरिसच्या पार्लमांला फोडण्यासाठी त्याला यातून वगळलं, तरी ते इतरांना जाऊन मिळालं. त्यातून फ्रोंदचं बंड पेटलं, आणि जानेवारी 1649 मध्ये दहा वर्षांच्या लुईला रात्रीतून पॅरिस सोडावं लागलं. पुढे त्याने दोर ओढला, पण तुटेल इतका कधीच नाही. 1 सप्टेंबर 1715 ला तो वारला. दुसऱ्याच दिवशी लुईचा पुतण्या आणि बालराजाचा कारभारी होऊ पाहणाऱ्या ओर्लेआंच्या ड्यूकने त्याच पार्लमांकडून राजाच्या मृत्युपत्रातल्या अटी बाजूला सारून घेतल्या. बदल्यात दोन आठवड्यांत नोंदीआधी हरकत घेण्याचा हक्क परत.

शंकासुर

म्हणजे मरेपर्यंत कुणाची हिंमत झाली नाही. मी तेच म्हणतोय.