अनुभव धागा : दहावीचा वर्ग, दोन दिवस आणि आपल्या हातची चूल

सांगलीच्या आमच्या दहावीच्या वर्गाचा मेळावा आजवर ठरलेल्या साच्यातला असायचा. भाड्याचा हॉल, माइक, शाल-श्रीफळ, केटररचं जेवण आणि चार वाजले की ज्याची त्याची गाडी. यंदा माघात आम्ही तो साचा मोडला. वर्गातल्या एकाचं डिग्रजकडं नदीच्या बाजूला शेत आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची लांब पडवी, पलीकडं काढणीला आलेली हळद. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी संध्याकाळी परतायचं आणि मधली सगळी जेवणं आपणच रांधायची, एवढंच ठरवलं. आचारी नाही, पार्सल नाही.

दुपारी कृष्णाकाठची भरली वांगी केली. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण इथल्या प्रत्येकाच्या घरी ती होतात. दाण्याचा कूट, तीळ, आपली कांदा-लसणाची चटणी, तेल सढळ हातानं, भाजीत पाण्याचा थेंब नाही, पाणी फक्त झाकणावर. या वांग्यांची साल पातळ आणि बी कमी, त्यामुळं ती वाफेवरच लोण्यासारखी मऊ होतात.

रात्री मात्र खपली गव्हाची खीर. माझाच आग्रह होता. खपलीवर पाण्याचा हबका मारून ती उखळात कांडायची, सुपात पाखडून कोंडा काढायचा, मग भिजवून मंद विस्तवावर तासन्‌तास शिजवायची. मित्राच्या आईचं उखळ गोठ्याच्या कोपऱ्यात होतं, ते धुऊन घेतलं. कांडायला सगळ्यांनी हात लावला. प्रश्न आला तो रात्री चुलीपाशी बसणार कोण हा, कारण तळाला धरू नये म्हणून खीर सारखी ढवळावी लागते.

आमच्यातला एक जण एसटीत कंडक्टर आहे. शाळेत डबा खाताना तो डब्याचं झाकण आडवं धरायचा, एवढंच मला त्याच्याविषयी आठवत होतं. तो म्हणाला, "मी बसतो. मला मुक्कामी गाडीची सवय आहे." मग चुलीपाशी बसून तो सांगत गेला. आडगावात शेवटची गाडी लागली की हॉटेल बंद, गावात ओळख नाही. ड्रायव्हर आणि तो स्टोव्हवर पिठलं-भात करायचे. पिशवीत तिखट-मिठाची डबी कायम. एका गावातली म्हातारी मुक्कामाच्या गाडीसाठी रोज दोन भाकऱ्या झाकून ठेवायची. ती वारल्याचं त्याला कळलं ते बसस्टँडवर भाकरीचं फडकं दिसलं नाही म्हणून. आम्ही सगळे ऐकत बसलो. हा मित्र हॉलमधल्या प्रत्येक मेळाव्याला यायचा, प्रत्येक फोटोत आहे, आणि तरी आमचं बोलणं "काय, बरं चाललंय ना?" याच्या पुढं कधी गेलं नव्हतं. हाताला काम असलं की माणूस मोकळा बोलतो, असं माझं पक्कं मत झालं आहे.

आणखी एक नियम आम्ही पाळला, तो आवर्जून सांगते. घरी ज्या रोज रांधतात त्यांना भाकरीला बसवायचं नाही. भाकऱ्या मुलांनी थापल्या (पन्नाशीतले असले तरी वर्गाच्या हिशेबानं मुलंच). पीठ जुनं होतं, विरी गेलेलं, भाकऱ्या काठाला चिरायला लागल्या. तेव्हा एका मैत्रिणीनं बसल्या जागेवरून सांगितलं, "अरे, आधणाच्या पाण्यात मळ, मग थापून बघ." भाकरी जमली. ती मात्र जागची उठली नाही.

तुम्ही कुणी असे गेला असाल तर सविस्तर लिहा. कुठं गेलात, काय रांधलंत, कामं कशी वाटलीत, कोण कसं नव्यानं कळलं. नुसती पाककृती नको, माणसंही येऊ द्या.

— कृष्णाकाठ, सांगली


पसरणीची वाट (वाई)

आमचा वाईचा वर्ग श्रावणात पाचगणीजवळ एका बंगल्यात राहिला होता. बाहेर धो धो पाऊस, धुक्यात समोरचं झाड दिसेना. कोरेगावच्या मैत्रिणीनं तिच्या शेतातला वाघ्या घेवडा आणला होता. या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. तिच्या सासऱ्यांनी वर्षानुवर्षं घरचंच बी राखलंय.

आदल्या रात्री घेवडा भिजत घातला. बंगल्यातला कुकर लहान, म्हणून मोठ्या पातेल्यात शिजवायला ठेवला. वाईत तासाभरात मऊ होणारा घेवडा इथं कितीतरी वेळ टणकच. आमच्यातली एक आता विज्ञान शिकवते. तिनं सांगितलं की पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, त्यामुळं पाणी शंभर अंशांच्या आधीच, साधारण ९६ अंशांना उकळतं. जाळ कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्यापेक्षा तापत नाही. वेळच जास्त द्यावा लागतो. तिनं आणखी एक गोष्ट बजावली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. घेवडा राजम्याच्या कुळातला. अर्धाकच्चा राहिला तर उलट्या-जुलाबांचा त्रास होतो. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, आधी चांगला खळखळ उकळू द्यायचा आणि मगच आच कमी करायची. नुसत्या धुमसत्या विस्तवावर रात्रभर ठेवून शिजला असं समजू नये.

आमटीत चिंच-गूळ घेवडा बोटानं चेपला गेल्यावरच घातला. आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायला नाठाळपणा करतो. जेवायला उशीर झाला, पण त्या वेळात कोरेगावच्या मैत्रिणीनं तिच्या शेतीचा सगळा हिशेब सांगितला. पाणी, मजुरी, भाव. शाळेत ती गणितात पहिली यायची. तिला पुढं शिकायचं होतं, घरच्यांनी बारावीनंतर लग्न लावून दिलं. हे आम्हाला माहीत होतं, पण त्याविषयी तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. ती बराच वेळ बोलली. नंतर म्हणाली, "आता ताटं घ्या गं, घेवडा शिजलाय."


माणदेशी

आमी म्हसवडकडचं. आमच्याकडं वर्ग जमवायचा म्हंजे हुरडाच. शाळू हुरड्यात आला की मुंबईत माथाडीत असलेले दोघं, पुण्यातले, समदे येत्यात. कणीस दुधाळ असतंय तवर हुरडा हुईत न्हाई, दाणा टणक झाला की निंबूर. मधले थोडेच दिस गावत्यात. त्यामुळं तारीख आमी ठरवत न्हाई, शाळू ठरवतो.

खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी करायची, कणसं राखंत खुपसायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फोलपाट फुंकरीनं उडवायचं. जोडीला दाण्याची चटणी, जवसाची चटणी, गूळ, ताक. चोळायचं काम ज्याच्या हाताला घट्टं हायत त्याचं. मुंबईवाल्याचं हात आमच्याइतकंच राठ, त्यो बी चोळाय बसतो.

रातच्याला तुरीच्या डाळीचं वरण केलं. बोरचं पाणी खारं, जड. त्या पाण्यात डाळ फुटतच न्हाई, म्हणून शिजवायपुरतं पाणी गावातनं आणावं लागतं. पाण्याचा विषय निघाला की मग २०१२-१३ चा दुष्काळ निघतोच. चारा छावणीत जनावरांसंगं माणसंबी ऱ्हायली. आमच्यातला एकजण तवा बायकापोरं गावात ठिऊन दोन बैलं घिऊन छावणीत होता. तिथं तीन दगडांवर भात कसा शिजवायचा ते त्यो तिथंच शिकला. आता हुरड्याला भात त्योच करतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई.


मिरजेची मैत्रीण

आमचा फक्त मुलींचा गट. नरसोबाच्या वाडीचं दर्शन घेऊन पुढं एका मैत्रिणीच्या माहेरच्या मळ्यात राहिलो. आमच्यातल्या एकीची मिरजेत खानावळ आहे. दवाखान्यांत पेशंट घेऊन येणारे नातेवाईक तिच्याकडं जेवतात. कर्नाटकातून लांबून आलेली माणसं, चिंतेत असलेली. कुणाला पथ्याचं, कुणाला उपासाचं, कुणी पैसे उद्या देतो म्हणणारं. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती ओट्यापाशी उभी असते.

आम्ही आधीच ठरवलं होतं की हिला चुलीजवळ फिरकू द्यायचं नाही. ती येताना पदर खोचूनच आली. तिला धरून पाटावर बसवलं. तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली, ती तशीच तिच्या ताटात घातली, वर लोणी, बाजूला खर्डा आणि पातीचा कांदा. ती ताटाकडं बघत राहिली. म्हणाली, "उतरल्या उतरल्या भाकरी मी लग्न झाल्यापासून खाल्ली नाही गं. सगळ्यांचं झाल्यावर गार खाते." आम्ही कुणीच काही बोललो नाही. दुसरी भाकरीपण तिलाच दिली, तिसरीसुद्धा.

रविवारी हुग्गी केली. आमच्यातल्या दोघी जतकडच्या, त्यांच्या घरी कन्नड बोलतात. सांगलीची खपलीची खीर वेगळी की त्यांची हुग्गी वेगळी, यावर बराच वेळ चर्चा रंगली. माझ्या मते जवळजवळ तेच आहे, त्यांना ते मान्य नाही. त्या आल्या की लिहितीलच.


कोयनाकाठ (कराड)

आम्ही पाटणच्या रस्त्याला मित्राच्या घरामागं दोन चुली मांडल्या. एकीवर मटण, एकीवर अख्खा मसूर. हायवेवरच्या ढाब्यांनी मसूर प्रसिद्ध केला असला तरी आमच्याकडं तो घरचाच पदार्थ. भिजवलेला मसूर, भरपूर कांदा, टोमॅटो, घरची चटणी, आणि उतरवताना लोण्याचा गोळा. मसूर गाळ होता कामा नये, दाणा अख्खा दिसला पाहिजे.

आमच्यात एक माळकरी आहे. तो यावा म्हणून मटण रद्द करू असं काहींचं म्हणणं होतं. त्यानं फोनवरच सांगितलं, "तुमचा रस्सा तुम्ही खावा. फक्त माझी चूल आणि माझी भांडी वेगळी ठेवा. भाकऱ्या दोन्हीकडच्या मी करतो." आणि त्यानं खरंच केल्या. काटवटीत एकावेळी एका भाकरीचं पीठ, दोन्ही हातांनी फिरवत अशी पातळ थापायचा की बघत राहावं. हा हात वारीतला. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते, त्या वाटेवर त्याच्या दिंडीचा स्वयंपाक असतो आणि तो पहाटे उठून त्यात लागतो. शेकड्यांनी माणसं जेवतात, त्यापुढं आमचं जेवण त्याला काहीच नाही. मात्र त्यानं मटणाच्या पंगतीत स्वतः भाकरी वाढली, प्रत्येकाला "अजून एक घे" म्हणाला, याचं मला फार मोल वाटतं. जेवणावरून माणसं लांब जाताना मी पाहिली आहेत.


तासगावहून

पैशाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आमच्या गटात कुणी बंगलेवाला आहे, कुणी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरीला जातो. वर्गणी ठरली की जे देऊ शकत नाहीत ते "काम आहे" म्हणून येत नाहीत, हे दरवर्षी बघत होतो. मग आम्ही वर्गणीऐवजी शिधा सुरू केला. ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं. तांदूळ, तेल, ज्वारी, सरपण, काहीही. यादी कुणी वाचून दाखवायची नाही, सगळं एका खोलीत ठेवायचं. बागेत कामाला जाणारा मित्र बेदाणा घेऊन आला, तो शिऱ्यात पडला. पूर्वी न येणारे आता येतात. सगळ्यांनी ही पद्धत करून बघावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.


सातारची लेक

आम्ही कासला जायचा बेत केला होता, म्हणून सूचना. पठारावर चूल पेटवायचा विचारही करू नका. ते २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि फुलांच्या दिवसांत प्रवेशाची आगाऊ नोंदणी लागते. रांधायचं तर खाली गावात, कुणाच्या तरी अंगणात. आम्ही तेच केलं. पुरणपोळी आणि येळवणीची आमटी. पुरण वाटायचं काम शाळेत मॉनिटर असलेल्या मुलाकडं दिलं आणि त्यानं ते मनापासून केलं.


कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचं वाचतेय, कंडक्टर मित्रालाही वाचून दाखवलं. मुक्कामी गाडीच्या आणखी आठवणी तो लिहून देणार आहे. शिध्याची पद्धत आमच्या ग्रुपवर टाकली, लगेच मान्य झाली.

खिरीबद्दल दोघांनी विचारलंय. गूळ खपली पूर्ण शिजल्यावरच घालायचा, आधी घातला तर दाणा पुढं मऊ होत नाही. मग सुंठ, वेलदोडा, जायफळ, खोबऱ्याचे काप. दूध पातेल्यात ओतायचं नाही, गरम गुळात ते फाटतं. ज्यानं त्यानं आपल्या वाटीत गार दूध घ्यायचं.

जतकडच्या मैत्रिणींनो, हुग्गीचं खरंच लिहा.

आणि चैत्रात आम्ही वर्षाची चटणी एकत्र करायची ठरवलीय. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, कांदा उन्हात वाळवून तळायचा, खोबरं-तीळ-धणे भाजून घ्यायचे. एवढ्या सगळ्या घरांची मिरची एका दिवसात कुटून देईल असा डंक (मिरची कुटायचं यंत्र) कराड-इस्लामपूरच्या बाजूला कुणाला माहीत आहे का? आम्हाला कुटताना समोर उभं राहायचंय, तेवढं चालत असेल तरच सांगा.