हिरव्या शेंगेला वास नसतोच

व्हॅनिलाचा वेल उपटू नका! शेंगा आल्या पण नुसता गवतासारखा वास येतो, म्हणून रोपवाटिकेने फसवलं, असं तुम्ही म्हणताय. हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतोच. त्यातलं व्हॅनिलिन, म्हणजे मुख्य सुगंधी द्रव्य, साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं. शेंगेतलं विकर (एन्झाइम) ही गाठ सोडवतं, तेव्हा कुठे सुगंध मोकळा होतो.

आमच्या फोंड्याकडच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींवर वेल चढवलेत. फूल सकाळी उमलतं नि दुपारपर्यंत मिटायला लागतं, आणि त्याचं परागीकरण करणाऱ्या मधमाश्या आपल्याकडे नाहीत, म्हणून ते सकाळीच, हाताने. माडाच्या हिराचं टोक घ्यायचं, फुलातला इवलासा पडदा वर उचलायचा, अंगठ्याने पराग दाबायचा. ही युक्ती 1841 मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. फूल हातात घेतलं की मला दर वेळी तो मुलगा आठवतो.

शेंग पिकायला आठ-नऊ महिने. टोक पिवळसर झालं की काढा. साधारण 65 अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवा (उकळत्या पाण्यात मुळीच नको, विकर मरतं), मग घोंगडीत गुंडाळून घाम येऊ द्या. रोज थोडं ऊन, पुन्हा घोंगडी. शेंग तपकिरी, मऊ झाली की सावलीत सुकवण. आमच्याकडे हवा दमट, बुरशीवर रोज नजर ठेवावी लागते.

बाजारातल्या स्वस्त इसेन्समध्ये बहुधा कारखान्यातलं व्हॅनिलिन असतं. रेणू तोच, पण शेंगेत त्याच्यासोबत इतर शेकडो गंधद्रव्यं असतात. आईच्या खिरीत ती कळतात.