टेबल काढण्याआधी गुडघ्यांना विचारा

डायनिंग टेबलावर जेवण कमी आणि पसाराच जास्त, तेव्हा ते काढूनच टाका आणि खाली बसून जेवा, असं काही जण म्हणतात. मुद्दा पटतो. चार्जर, औषधांच्या पट्ट्या, न फोडलेली पाकिटं, इस्त्रीचे कपडे... ताटाला कोपराही उरत नाही. पण घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर घाई नको. खाली बसणं जमतं हो, उठताना भिंत शोधावी लागते! जागेचीच अडचण असेल तर भिंतीला लावायचं घडीचं टेबल बघा. माणशी साधारण ६० सेंमी रुंदी पुरते. खुर्ची मागे सरकवायला मात्र टेबलाच्या कडेपासून ७५ ते ९० सेंमी मोकळी जागा लागते, आणि नेमकं तेच मोजायचं राहतं. सोफ्यावर मांडीत ताट घेऊन जेवणं मला तरी झेपत नाही, मान अवघडते. मुलं अभ्यासाला टेबलाशीच बसत असतील तर ते अजिबात हलवू नका.